साच्यातले संत

आगमनकाळ सुरू झाला, की आमच्या धर्मग्रामांतील तरुण मुलेमुली अलीकडे एका नव्या उद्योगात रमलेली दिसतात. सिलिकॉन नावाच्या रबरासारख्या पदार्थाचे साचे घरच्या घरी तयार करायचे, त्यांत प्लास्टर किंवा मेण ओतायचे आणि गोठ्यातील मेंढपाळ, मेंढरे, देवदूत, एवढेच नव्हे तर येशूबाळदेखील स्वतःच घडवायचे. काही वडीलधाऱ्यांना हा पोरखेळ वाटतो. काहींच्या मनात मात्र त्याहून गंभीर शंका येते. एकाच साच्यातून डझनाने निघालेल्या मूर्तीला गोठ्यात आणि प्रार्थनेत मान तो काय द्यावा? या शंकेला धर्मशास्त्राच्या आधाराने उत्तर देता येईल. परंतु तत्पूर्वी साच्याचा इतिहास पाहावा, असे आम्हांस वाटते. हा इतिहास फारसा कोणी सांगत नाही आणि त्यात आपल्या श्रद्धाजीवनाचा अनपेक्षितपणे मोठा वाटा आहे.

मूर्तीचा साचा घेणाऱ्यापुढे सर्व काळी एकच अडचण उभी राहिली आहे. नाताळच्या फराळासाठी आमच्या मायबहिणी ज्या साच्यांत मार्झिपान आणि मिल्क क्रीम घालतात, ते साचे वाचकांनी आठवावेत. साचा लाकडी असेल तर त्यातील फूल उथळच असावे लागते. पाकळी जराशी आत वळलेली असली, की मिठाई अडकते नाहीतर मोडते. रबरी साचा मागून बोटाने दाबला, की वाकतो आणि फूल सुखरूप बाहेर येते. मूर्तीची गोष्ट याहून वेगळी नाही. हनुवटीखालची पोकळी, जोडलेल्या हातांमधील फट, झग्याच्या खोल चुण्या, खांद्यावरच्या कोकराच्या पोटाखालची जागा, अशा प्रत्येक ठिकाणी कठीण साचा मूर्तीला धरून ठेवतो. तिला न मोडता बाहेर कसे काढावे, या एका प्रश्नावर कारागिरांनी हजारो वर्षे डोके चालविले आहे.

प्राचीनांचा उपाय निष्ठुर पण बिनचूक होता. ते साचाच फोडून टाकीत. प्रथम मेणाची मूर्ती करायची, तिच्यावर मातीचे लेप द्यायचे, ते तापवून मेण वितळून जाऊ द्यायचे आणि त्या पोकळीत धातूचा रस ओतायचा. मोहेंजोदडो येथील जेमतेम साडेदहा सेंटिमीटर उंचीची नर्तकी या रीतीने ओतलेली आहे. बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथातही या पद्धतीचे वर्णन आहे. मात्र तीत एका साच्यातून एकच मूर्ती निघते. म्हणून अशी मूर्ती मंदिराला वा राजवाड्याला परवडे. सामान्य माणसाच्या घराला नव्हे.

सामान्यांच्या घराची वाट प्लास्टरने मोकळी केली. जिप्सम हा मऊ खडक दीडशे अंश सेल्सियसच्या आसपास भाजला, की त्यातील पाण्याचा तीनचतुर्थांश अंश निघून जातो व त्याचे पीठ होते. त्यात पाणी घातले, की ते पुन्हा दगड होऊ पाहते. पॅरिसमधील मोंमार्त्रच्या टेकडीत या खडकाच्या मोठ्या खाणी होत्या, म्हणून त्याला पॅरिसचे नाव चिकटले. त्याचा उपयोग मात्र पॅरिसहून कितीतरी जुना आहे. रोमन ग्रंथकार प्लिनी सांगतो, की जिवंत माणसाच्या चेहऱ्यावरून प्लास्टरचा साचा घेऊन त्यात मेण ओतण्याची युक्ती प्रथम लिसिस्ट्राटस या ग्रीक शिल्पकाराने, म्हणजे प्रसिद्ध लिसिपसच्या भावाने, केली. हा प्लिनी इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात मरण पावला. त्याच उद्रेकाच्या राखेत पाँपेईची माणसे गाडली गेली; देह नाहीसे झाले, पण घट्ट झालेल्या राखेत त्यांच्या आकाराच्या पोकळ्या राहिल्या. १८६३ मध्ये जुझेप्पे फिओरेल्ली याने त्या पोकळ्यांत प्लास्टर ओतले, तेव्हा तोंडावर हात घेतलेली, कुशीवर वळलेली माणसे बाहेर आली. निसर्गाने घेतलेला याहून करुण साचा आमच्या माहितीत नाही.

इ.स. १४०० च्या सुमारास चेन्निनो चेन्निनी या इटालियन चित्रकाराने कारागिरांसाठी एक पुस्तिका लिहिली. माणसाच्या चेहऱ्याचा साचा घेताना त्याला श्वास घेता यावा म्हणून नाकपुड्यांत नळ्या कशा बसवाव्यात, हेही तो सांगतो. या सुमारास साच्याची विद्या राजदरबारातून कारागिराच्या घरात आली होती. फ्लॉरेन्समधील मध्यम स्थितीतील कुटुंबे पवित्र मरिया आणि बाळ येशू यांची उठावशिल्पे घरात लावू लागली होती. मूळ शिल्प एखाद्या मोठ्या कलावंताचे असे, पण घरात येई ती साच्यातून काढलेली चुन्या-प्लास्टरची किंवा भाजलेल्या मातीची, रंगविलेली प्रत.

येथे दोनातेल्लोची एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. दोनातेल्लोवर जोव्हान्नी केल्लिनी नावाच्या वैद्याने उपचार केले होते. १४५६ च्या ऑगस्टमध्ये कृतज्ञता म्हणून त्याने त्या वैद्याला ब्राँझची एक वर्तुळाकार तबकडी भेट दिली. पुढच्या बाजूस पवित्र मरिया, बाळ येशू आणि देवदूत आहेत. मागची बाजू तितक्याच काळजीने पोकळ कोरलेली आहे, म्हणजे पुढे जे उंच ते मागे खोल. वैद्यबुवांनी आपल्या वहीत नोंद करून ठेवली आहे, की या पोकळीत वितळलेली काच ओतली, तर पुढच्यासारखेच चित्र काचेत उतरावे, अशी ही योजना आहे. दोनातेल्लोने वैद्याला मूर्ती तर दिलीच, शिवाय तिच्या हव्या तितक्या प्रती काढण्याचे साधनही दिले. ही तबकडी १९७६ पासून लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. युरोपातील त्या काळच्या सर्वश्रेष्ठ शिल्पकाराला आपल्या कृतीच्या प्रती निघण्यात कमीपणा वाटला नाही, एवढे तरी ही भेट सांगते.

साचा ज्याच्यापाशी नाही त्याला काय सोसावे लागते, याचे उदाहरण आपल्या मराठी वाङ्मयातच आहे. गुटेनबर्ग हा मुद्रणाकडे वळण्यापूर्वी आखेनच्या यात्रेकरूंना विकण्यासाठी धातूच्या चौकटीचे छोटे आरसे तयार करण्याच्या धंद्यात भागीदार होता. स्ट्रासबुर्गच्या १४३९ च्या एका खटल्यात त्याचा उल्लेख येतो. पुढे त्याने अक्षरांचे खिळे ओतण्याचा हातसाचा घडविला आणि जग बदलले. गोव्यात १५५६ मध्ये छापखाना आला. तथापि फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले, ते रोमन लिपीत. देशी लिपीत पुस्तके छापावीत, ही स्टीफन्स यांची अनेक वर्षांची इच्छा होती. १६०८ मध्ये रोममधील आपल्या वरिष्ठांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी अडचण स्पष्ट सांगितली आहे : युरोपात चोवीस अक्षरांचे साचे पुरतात, येथे सुमारे सहाशे साचे लागतील आणि ते ओतणे अशक्यप्राय दिसते. मराठीची थोरवी गाणाऱ्या या ग्रंथाला मराठीची लिपी मिळाली नाही, याच्या मुळाशी साचे ओतण्याची ही अडचणही होती.

आता आपण फ्रान्सच्या दक्षिणेस, प्रोव्हान्स प्रांतात जाऊ. आमच्या तरुणांच्या उद्योगाचे खरे पूर्वज तेथे आहेत. असिसीकर संत फ्रान्सिस यांनी १२२३ मध्ये ग्रेच्चो येथे गव्हाण मांडली. त्यानंतर ही प्रथा चर्चमधून, मठांतून आणि श्रीमंतांच्या वाड्यांतून पसरली. मूर्ती लाकडाच्या, मेणाच्या, मौल्यवान वस्त्रे ल्यालेल्या असत. मग फ्रेंच राज्यक्रांती झाली. १७९३ मध्ये धर्माविरुद्धची लाट शिगेला पोहोचली, चर्चची दारे बंद झाली आणि त्यांबरोबर चर्चमधील गोठेही बंद झाले. ज्या गावाला वर्षानुवर्षे नाताळात गोठ्यापुढे गुडघे टेकण्याची सवय, त्याने काय करावे? मार्सेय शहरात जाँ-लुई लान्येल नावाचा एक मूर्तिकार होता. जन्म १७६४ चा, मृत्यू १८२२ चा. त्याने प्लास्टरचे दोन भागांचे साचे केले आणि त्यांत साधी माती दाबून लहान लहान मूर्ती काढल्या. भट्टी नाही, धातू नाही, महागडे लाकूड नाही. माती वाळवायची, रंगवायची आणि अल्प किमतीत विकायची. प्रोव्हान्सच्या बोलीत तिला ‘सांतून’ म्हणजे ‘छोटा संत’ असे नाव पडले, फ्रेंचमध्ये ‘सांतों’. सत्तेने चर्चमधला गोठा बंद केला, तो घरोघरच्या कपाटावर उघडला. १८०३ मध्ये मार्सेयला या छोट्या संतांची जत्रा भरली. तिची परंपरा आजही चालू आहे.

या मूर्तींकडे जरा निरखून पाहण्यासारखे आहे. लान्येल आणि त्याच्या मागून आलेल्यांनी गोठ्यात केवळ योसेफ, मरिया, मेंढपाळ आणि तीन राजे ठेवले नाहीत. त्यांनी आपल्या गल्लीतील माणसे आणली. पीठ घेऊन येणारा चक्कीवाला, टोपली घेतलेली कोळीण, सुऱ्यांना धार लावणारा, मुलाच्या खांद्यावर हात ठेवून चालणारा आंधळा, आणि दोन्ही हात वर करून नुसता आनंदाने थक्क झालेला, भेट म्हणून काहीही न आणलेला एक भोळा. त्याला ‘राव्ही’ म्हणतात. आम्हांला सर्व सांतोंमध्ये हा भोळा अधिक प्रिय आहे. तंत्राच्या बाजूने पाहता या लोकांनी ती जुनी अडचण चातुर्याने टाळली होती. अंगाला चिकटलेला भाग साच्यातून काढायचा आणि जो अडकणार, म्हणजे पसरलेला हात, टोपली, काठी, तो वेगळा करून ओल्या मातीने जोडायचा. पुढे ओबान्य गावच्या तेरेझ नव्ह या बाईंनी (१८६६-१९४६) या मूर्ती भाजण्याची चाल पाडली, तेव्हा त्या अधिक टिकाऊ झाल्या. सर्वांत लहान आकाराच्या सांतोंना तेथे ‘पिसू’ म्हणतात!

एकोणिसाव्या शतकात याच प्लास्टरने दुसरी वाट धरली. इटलीतील लुक्का परिसराच्या डोंगराळ खेड्यांतील पुरुष आणि पोरे साचे पाठीवर घेऊन युरोपभर हिंडत, मुक्कामाच्या गावी प्लास्टर कालवीत आणि मूर्तींनी भरलेली फळी डोक्यावर घेऊन रस्त्यावर विकीत. पॅरिसमध्ये साँ-सुल्पीस चर्चच्या भोवतालच्या दुकानांनी मोठे कारखाने उभे केले. तेथून गुळगुळीत, गोऱ्यापान, आकाशाकडे डोळे लावलेल्या संतमूर्ती जगभर गेल्या. या धंद्याने असंख्य गरीब धर्मग्रामांना प्रथमच वेदीवर मूर्ती मिळाली, हे त्याचे ऋण मानलेच पाहिजे. पण जगभरचे संत एकाच चेहऱ्याचे झाले, हेही खरे. मार्सेयच्या साच्यात कोळिणीला स्थान होते. साँ-सुल्पीसच्या साच्यात तिला स्थान नव्हते, कारण साचा तिच्या गल्लीत राहिला नव्हता. या गुळगुळीत कलेला कंटाळून मोरीस दनी आणि जॉर्ज देव्हालिएर या चित्रकारांनी १९१९ मध्ये पॅरिसला पवित्र कलेची स्वतंत्र कार्यशाळा काढली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६३ च्या उपासनाविषयक संविधानात मूर्ती ठेवण्याची प्रथा कायम ठेवून त्यांची संख्या माफक असावी, असे सांगितले आणि सुमार, दिखाऊ कृती देवालयापासून दूर ठेवण्याची जबाबदारी महागुरूंवर सोपविली. साच्याला परिषदेने दोष दिला नाही, याकडे आम्ही लक्ष वेधू इच्छितो. दोष सुमारपणाला आहे.

कठीण प्लास्टरच्या साच्यात गुंतागुंतीची मूर्ती काढायची, तर साच्याचे अनेक तुकडे करून ते कोड्यासारखे जुळवावे लागत. मऊ साचा हवा होता. एकोणिसाव्या शतकात जिलेटिनचे साचे आले; ते वाकत, परंतु प्लास्टर घट्ट होताना निघणाऱ्या उष्णतेने लवकर खराब होत, म्हणून मोजक्याच प्रती निघत. मग रबराच्या चिकाचे साचे आले. पेणच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांतून आपल्याकडे ते अनेकांनी पाहिले असतील. मात्र चिकाचा एकेक थर लावून वाळवीत बसावे लागते. ओतला की झाला, असा साचा अजून दूर होता.

तो वाळूतून आला. इंग्लंडमधील नॉटिंगहॅमचे रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक स्टॅन्ली किपिंग यांनी वाळूतील सिलिकॉन या मूलद्रव्याची कार्बनी संयुगे अनेक दशके अभ्यासिली. (मुंबईत जन्मलेले किपलिंग ते वेगळे.) ‘सिलिकोन’ हे या संयुगांचे नाव त्यांनीच विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ केले, आपल्या बाजारात मात्र मूलद्रव्य आणि रबर या दोहोंनाही सिलिकॉनच म्हणतात. त्यांच्या प्रयोगांत चिकट, गोंदासारखे पदार्थ वरचेवर निघत आणि ते त्यांना उपद्रव वाटत. १९३७ च्या एका मानाच्या व्याख्यानात त्यांनी या शाखेच्या भवितव्याविषयी निराशाच व्यक्त केली. नेमका तो गोंदच मोलाचा होता. अमेरिकेत कॉर्निंग काचकारखान्यातील फ्रँकलिन हाइड आणि जनरल इलेक्ट्रिकमधील यूजीन रोकॉव यांनी त्याचा पाठपुरावा केला. १९४० मध्ये रोकॉव यांनी तांब्याच्या साहाय्याने सिलिकॉनपासून ही द्रव्ये थेट तयार करण्याची रीत शोधली. १९४३ मध्ये डाऊ कॉर्निंग कंपनी निघाली. तिचा पहिला माल उंच उडणाऱ्या युद्धविमानांच्या ठिणगीयंत्रणेत दमटपणा शिरू नये म्हणून वापरला गेला. रबरही त्याच युद्धकाळात आले आणि पुढच्या दशकात साध्या खोलीच्या तपमानात घट्ट होणारे ओतीव रबर मिळू लागले. १९६९ मध्ये चंद्रावर उमटलेल्या पावलांच्या बुटांचे तळवेही सिलिकॉन रबराचेच होते.

या पदार्थाचे दोन गुण साचेकाराला वरदान ठरले. केसाएवढी रेघही तो उचलतो, आणि स्वतःखेरीज तो जवळजवळ कशालाच चिकटत नाही. ‘स्वतःखेरीज’ हा शब्द लक्षात ठेवावा. दोन भागांचा साचा करताना पहिल्या भागावर व्हॅसलीनचा पातळ हात फिरविला नाही, तर दोन्ही भाग एकजीव होतात आणि मूर्ती आत कायमची कैद होते.

घरी करायची सर्वांत सोपी रीत स्वयंपाकघरातील पिठाची आहे. खिडक्यांच्या काचा बसविण्यासाठी हार्डवेअरच्या दुकानात नळकांड्यांतून जे सिलिकॉन मिळते, त्यातले व्हिनेगरसारखा उग्र वास येणारे घ्यावे. त्यात साधारण तितकेच कॉर्नफ्लॉवर घालून, हातमोजे चढवून, खिडक्या उघड्या ठेवून, चपातीच्या कणकेइतके घट्ट मळावे. एरवी हे सिलिकॉन हवेतील ओलावा बाहेरून आत शोषीत सावकाश घट्ट होते. पिठातील ओलावा त्याला आतूनही मिळतो, म्हणून काम लवकर होते. हा गोळा मूळ मूर्तीवर दाबावा आणि घट्ट झाल्यावर मागून वाकवून मूर्ती सोडवावी. मेंढरू, तारा, देवदूताचा चेहरा अशा एका बाजूने सपाट वस्तूंना ही रीत पुरते.

चहूबाजूंनी घडविलेल्या मूर्तीसाठी दोन डब्यांतले ओतीव सिलिकॉन लागते. मूर्ती पुठ्ठ्याच्या खोक्यात मातीने चिकटवून उभी करावी, फटी बुजवाव्यात. किती सिलिकॉन लागेल हे कळण्यासाठी आमच्या एका धर्मग्रामवासी बाईंची युक्ती आम्हांला फार आवडली : मूर्तीभोवती तांदूळ भरायचे आणि मग ते मापात ओतून पाहायचे. दोन्ही द्रव वेष्टनावर छापलेल्या प्रमाणातच मिसळावेत आणि खोक्याच्या एका कोपऱ्यात उंचावरून बारीक धारेने सोडावेत, म्हणजे बुडबुडे धारेतच फुटतात. या सिलिकॉनचे दोन प्रकार आहेत. कथिलाच्या संयुगाने घट्ट होणारे स्वस्त, पण थोडे आकसणारे आणि काही वर्षांत ठिसूळ होणारे. प्लॅटिनमने घट्ट होणारे महाग, पण मापाला पक्के. हे दुसरे गंधकयुक्त मातीच्या किंवा रबरी हातमोज्यांच्या संपर्काने रुसते आणि चिकटच राहते. आत प्लास्टर ओतताना पाण्यात प्लास्टर घालावे, प्लास्टरमध्ये पाणी नव्हे. मुलांनी हौसेने आपला हात प्लास्टरमध्ये बुडवून साचा घेऊ नये. घट्ट होताना ते भाजण्याइतके तापू शकते.

आणखी एक गोष्ट धर्मगुरू या नात्याने निक्षून सांगावीशी वाटते. चर्चमधील जुन्या लाकडी किंवा दगडी मूर्तींवर, अथवा आजोबा-पणजोबांच्या काळातील रंगीत मूर्तींवर, कोणीही हा प्रयोग करू नये. सिलिकॉनमधील तेल सच्छिद्र लाकडात आणि दगडात मुरते व कायमचा डाग पडतो. साचा उचलताना जुना रंग सोलून येतो. अशा मूर्तीची प्रत हवीच असेल, तर धर्मप्रांताची परवानगी आणि जाणत्या संवर्धकाचा हात, दोन्ही हवीत. त्याचप्रमाणे दुसऱ्या जिवंत शिल्पकाराची मूर्ती विकत आणून तिच्या प्रती विकणे ही चोरी होय. दोनातेल्लोने वैद्याला साचा स्वतः होऊन दिला होता.

बाजारात आता तयार साचेही मिळतात. त्यांतून निघणारे योसेफ-मरिया पुन्हा त्याच गुळगुळीत, परक्या चेहऱ्याचे आहेत. ते ओतण्यात मुलांचा वेळ छान जातो, पण तेवढ्याने साँ-सुल्पीसचेच दुकान घरात आले. आमच्या तरुणांना आम्ही सुचवू, की एखादी मूर्ती तरी आधी स्वतःच्या हाताने मातीत घडवावी आणि मग तिचा साचा घ्यावा. डोक्यावर माशांची पाटी घेतलेली कोळीण, केळीचा घड खांद्यावर घेतलेला शेतकरी, लुगडे नेसलेली आजी, आणि वाटल्यास काहीही न आणलेला एक भोळा. नाक वाकडे झाले तरी चालेल. मार्सेयच्या पहिल्या मूर्तीही काही फार रेखीव नव्हत्या. मूळ मूर्ती भाजून किंवा चांगली वाळवून सुती कापडात गुंडाळून ठेवावी आणि साच्यावर वर्ष लिहावे. साचा पाच-सात नाताळ टिकला तर पुष्कळ झाले. तो फाटला, की त्याच मूर्तीवरून नवा घेता येतो.